मानएनचा पाचवा महिना

गुरुनाथने वातींचं पाकीट फ्रीजवरच्या कणकेच्या डब्यामागे ढकललं आणि स्टुलावरून उतरून ते स्टूल पायानेच टेबलाखाली सारलं. आवाज नको म्हणून तो अनवाणी होता, तरी स्टुलाने व्हायचा तो आवाज केलाच. आतल्या खोलीतलं टायपिंग क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

मायक्रोवेव्हच्या वरच्या फळीवर त्यांचे देव होते. बोटभर उंचीचा गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि समोर एक पितळी निरांजन. रोज आंघोळ झाली की ऑफिसला निघायच्या आत गुरुनाथ ते निरांजन लावायचा. फार भाविक म्हणावा असा तो नव्हता. संकष्टी कधी येते नि कधी जाते याचा त्याला पत्ता नसायचा. पण कोल्हापूरच्या घरात सकाळी दिवा लागल्याशिवाय चहा मिळत नसे, ती सवय तो अमेरिकेत, ॲन आर्बरला घेऊन आला होता. ताप असला तरी उठून दिवा लावायचा आणि पुन्हा झोपायचा. आज पहिल्यांदा निरांजन तसंच कोरडं राहिलं होतं.

हिमानी चहाचा रिकामा मग घेऊन बाहेर आली. केस कसेतरी वर बांधलेले, कानामागे पेन्सिल. तिने मग विसळला आणि वळताना तिची नजर फळीवर गेली.

"आज दिवा नाही?"

"वाती संपल्या."

तिने त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि पाहत राहिली. गुरुनाथला वाटलं आता ही काहीतरी विचारणार. त्याने घाईघाईने गाडीची किल्ली शोधायला घेतली. किल्ली त्याच्या हातातच होती.

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

गुरुनाथच्या जिवात जीव आला. पहिला दिवस निभावला, असं त्याला वाटलं. शुक्रवार अजून पुढे होता.

बातमी आदल्या संध्याकाळी आली होती. ऑफिस सुटल्यावर तो पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होता. मार्च संपत आला तरी ॲन आर्बरच्या थंडीने अजून गाशा गुंडाळला नव्हता. तेवढ्यात मोबाइल वाजला. साताऱ्याहून नरेंद्र होता, हिमानीचा मोठा भाऊ. तिकडे पहाट असणार, आणि पहाटेचा फोन कशाचा असतो हे परदेशात राहणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही.

"गुरुनाथराव, बाबा गेले."

"कधी?"

"आत्ताच. झोपेत. त्रास नाही झाला काही." नरेंद्रचा आवाज कोरडा होता, रडण्याआधी माणसाचा असतो तसा. "ऐका, हिमीला सांगू नका. तिचा शुक्रवार होऊ दे."

"अहो, पण..."

"बाबांनीच सांगून ठेवलंय. दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी. म्हणाले, माझं काही झालं तरी पोरीची परीक्षा झाल्याशिवाय तिकडे फोन करायचा नाही. ती आज निघाली तरी परवा पोचणार. तोवर आम्ही थांबू शकत नाही. तेराव्याला येऊ दे नीट. मी तुम्हाला एवढ्यासाठीच केला फोन, की तिला सांभाळा."

दवाखान्याची गोष्टही हिमानीला पुरती ठाऊक नव्हती. 'बी.पी. जरा वाढलं होतं, आता बरं आहे' एवढंच तिच्यापर्यंत आलं होतं. परदेशी गेलेल्या मुलांना घरची बातमी नेहमी अशीच मिळते, आधी चाळून घेतलेली, मग निववलेली. यात कुणाच्या मनात पाप नसतं. पण तिकडच्या मायेचा इकडच्या माणसाला केवढा जाच होतो, ते तिकडे कळत नाही.

हिमानीने तो जाच एकदा सोसला होता. ती पहिल्या वर्षाला असताना तिची आजी गेली, आणि घरच्यांनी तिला तीन आठवड्यांनी, सेमिस्टर संपल्यावर सांगितलं. त्या तीन आठवड्यांत ती दर रविवारी फोनवर 'आजी कशी आहे' विचारत होती आणि 'छान आहे' हे उत्तर ऐकत होती. कळलं तेव्हा ती आजी गेल्याचं रडलीच, पण त्याहून जास्त त्या रविवारांचं रडली. मग तिने गुरुनाथला समोर बसवून शब्द घेतला होता. "बाकीच्यांचं सोड. तू माझ्यापासून असलं काही लपवायचं नाही. कधीच नाही." आणि गुरुनाथने, नवं लग्न झालेल्या माणसाच्या उत्साहात, तिच्या हातावर हात ठेवून दिला होता शब्द.

आता एका बाजूला तो शब्द होता आणि दुसऱ्या बाजूला गेलेल्या माणसाची इच्छा. मध्ये हिमानीची पीएच.डी.ची सहा वर्षं होती. शुक्रवारच्या डिफेन्ससाठी, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेसाठी, कॅलिफोर्नियाहून प्राध्यापक मोरिता खास विमानाने येणार होत्या, आणि त्या उन्हाळ्यात निवृत्त होऊन जपानला परत जायच्या होत्या. शुक्रवार चुकला तर पुढची तारीख कधी मिळेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्याने गाडीत बसूनच कोल्हापूरला आईला फोन लावला. दुसरं कुणाला विचारावं हेच त्याला सुचलं नाही.

आई आधी रडली. मग डोळे पुसून, ज्या आवाजात ती भाजीचं मीठ सांगे त्याच आवाजात तिने सगळं सांगितलं. "तिला कळलं नाही तोवर तिला सुतक नाही, बाळा. लेकीला तीन दिवस असतं, पण ते कानावर पडल्यापासून धरायचं. त्याआधी तिने हसावं, खावं, काही दोष नाही."

"आणि मला?"

"जावयाला किती ते भटजींना विचारते. पण तुझ्या कानावर पडलंय ना, मग तू दिवा लावू नकोस आपला."

असा तो दिवा राहिला होता.

मंगळवारचा दिवस गुरुनाथने ऑफिसात स्क्रीनकडे बघत काढला. तो गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा. त्या दिवशी त्याने लिहिलेलं सगळं त्याला बुधवारी पुसावं लागलं. डोक्यात एकच हिशोब होता. हिमानीने साताऱ्याला फोन केला तर? नरेंद्रशी ठरलं होतं की हिमानीच्या आई फोन घेतील आणि बाबा झोपलेत म्हणून सांगतील. पण ज्या बाईचा नवरा त्याच दिवशी गेला, तिला हे बोलवेल का? आणि बोलवलं तरी हिमानीला पटेल का? बाबा तिच्या फोनसाठी झोपेतून उठून बसणारे गृहस्थ होते.

शशिकांतरावांना, म्हणजे हिमानीच्या बाबांना, पंचांगाचा नाद होता. दर रविवारी फोनवर ते आधी तिथी सांगायचे, मग खुशाली विचारायचे. हिमानीने जपानच्या इतिहासाचा विषय घेतला तेव्हा घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता, हे एकटे खूश झाले होते. जपानात काळाला नाव असतं आणि ते नाव बदललं की वर्षं पुन्हा एकपासून मोजतात, हे कळल्यावर तर त्यांनी गुरुनाथलाही फोनवर धरून ठेवलं होतं.

"म्हणजे आपला राज्याभिषेक शकच की हो! महाराज सिंहासनावर बसले, शक एक."

"बाबा, तिकडे राजा तोच असला तरी नाव बदलतात," हिमानी दुसऱ्या फोनवरून म्हणाली होती. "आग लागली, बदला. कुणाचा खून झाला, बदला. माझा जो काळ आहे ना, मानएन, तो असाच आला. किल्ल्यात आग लागली, मग भर बर्फात मोठ्या प्रधानाला दारात मारला. म्हणाले, हे नाव लाभत नाही, नवं आणा. आणि वर्ष पुरं व्हायच्या आत तेही गेलं."

"ते का?"

"साठ वर्षांच्या चक्रातलं वाईट वर्ष आलं म्हणून."

"साठ संवत्सरं!" बाबा एवढ्या मोठ्याने ओरडले होते की गुरुनाथने फोन कानापासून लांब धरला. "आपल्याकडेही साठच आहेत. हिमे, तू घरचंच शिकते आहेस, लांब जाऊन."

तेव्हापासून मानएन हे नाव त्या घरात एखाद्या नातेवाइकासारखं रुळलं होतं. एकोणिसाव्या शतकातलं, जेमतेम वर्षभराचं, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं ते पर्व. हिमानीचा सगळा प्रबंध त्या वर्षावर आणि त्यातही एका लाकडी फळीवर उभा होता. विद्यापीठाच्या संग्रहालयात ती फळी पडून होती. उत्तर जपानच्या डोंगरातल्या एका खेड्याने देवळात वाहिलेली. तिच्यावर तारीख होती मानएन दुसरं वर्ष, पाचवा महिना. गंमत अशी की असा महिना झालाच नव्हता. दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्यातच मानएन संपून बुंक्यू हे नवं पर्व लागलं होतं. जुने जाणकार म्हणायचे, फळी खोटी आहे, कुणा दुकानदाराने मागाहून लिहवून घेतलेली. हिमानी म्हणायची, खोटी नाही. घाट बर्फाने बंद होता, राजधानीतली बातमी खेड्यात पोचलीच नव्हती. बिचारे संपून गेलेल्या काळात राहत होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

सोमवारपासून गुरुनाथला ही फळी आठवायचीही भीती वाटत होती.

मंगळवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा हिमानीने अभ्यासाच्या खोलीत जमिनीवर सतरंजी अंथरली होती, वर एक चादर.

"हे काय?"

"पाठ धरलीय. गादी नको वाटतेय. आणि रात्री उशिरापर्यंत दिवा चालू राहील माझा, तुला त्रास."

तिचे डोळे सुजले होते. रात्रंदिवस स्क्रीनसमोर बसून दुसरं काय होणार, असं त्याच्या मनात आलं. त्याने तिला वरण-भात करून दिला. ती मुकाट्याने जेवली. येताना इंडियन ग्रोसरीवरून वाती आणल्यास का, असं तिने विचारलं नाही, आणि ती विसरली याबद्दल त्याने देवाचे मनातल्या मनात आभार मानले, कोरड्या निरांजनाकडे बघून.

बुधवारी तिने स्लाइड्स बदलायला घेतल्या. गुरुनाथचं धाबं दणाणलं.

"आता? दोन दिवसांवर आलंय, हिमानी. हॅलरनला माहितेय?" हॅलरन हे तिचे मार्गदर्शक होते.

"सांगितलंय त्यांना. एकच भाग बदलतेय."

"कुठला?"

"बर्फाचा," ती म्हणाली. "तू झोप."

गुरुवारी पाडवा होता. गुरुनाथने या पाडव्याचा सर्वांत जास्त धसका घेतला होता. दर वर्षी हिमानी तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत गुढी उभारायची. पडद्याची काठी, तिच्या आईची हिरवी खणाची चोळी, वर तांब्या. कडुनिंब मिळत नसे म्हणून ती कढीपत्ता लावायची आणि शेजारचा मेक्सिकन म्हातारा दर वर्षी 'हॅपी फ्लॅग डे' म्हणायचा. आता बाप जाऊन तीन दिवस झालेल्या मुलीला गुढी उभारू द्यायची? तिला सुतक नाही, हे आईचं म्हणणं शास्त्राला धरून असेलही. पण पुढे कळल्यावर तिला काय वाटेल? त्या हिरव्या चोळीकडे ती पुन्हा कधी बघू शकेल का? गुरुनाथ रात्रभर कारणं शोधत होता. बाल्कनीत वारा आहे. लीजमध्ये मनाई आहे. पडद्याची काठी मोडली. शेवटचं कारण बरं वाटून पहाटे उठून त्याने खरोखर काठी मोडायला घेतली, पण ती ॲल्युमिनियमची निघाली, नुसतीच वाकली.

"यंदा गुढी राहू दे," हिमानी चहा पिताना आपणहूनच म्हणाली. "डोक्यात दुसरं काही शिरतच नाहीये. चालेल ना?"

"चालेल, चालेल," गुरुनाथ एवढ्या घाईने म्हणाला की त्याची त्यालाच लाज वाटली. "आणि घरी फोन?"

"उद्या झाल्यावर करेन. निवांत."

एवढं सगळं सुरळीत होत होतं याचीच आता त्याला भीती वाटू लागली. प्रत्येक अडचण त्याच्या दारापर्यंत येत होती आणि आपणहून परत जात होती.

संध्याकाळी मालिनीकाकू आल्या. तीस वर्षं ॲन आर्बरला राहिलेल्या, गावातल्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला कधी ना कधी जेवू घातलेल्या बाई. हातात श्रीखंडाचा डबा आणि पर्समध्ये हळदीकुंकवाची कुयरी.

"अगं, गुढी नाही उभारलीस?"

"काकू, उद्या डिफेन्स. डोकं ठिकाणावर नाही माझं."

"असू दे, असू दे. ये, कुंकू लावते. उद्या जिंकून ये." काकू कुयरी उघडत पुढे झाल्या.

हिमानी दोन पावलं मागे सरली. "नको काकू, जवळ नका येऊ. सर्दी झालीय मला, तुम्हाला होईल. डबा तिथेच ठेवा ना, टेबलावर."

काकूंनी डबा ठेवला, लांबूनच तोंड भरून आशीर्वाद दिला आणि गेल्या. हिमानीने श्रीखंड न उघडता फ्रीजमध्ये टाकलं. तिला सर्दी झाल्याचं गुरुनाथला कुठेच दिसलं नव्हतं. पण त्या दिवशी त्याचंच डोकं इतकं भणाणलेलं होतं, की त्याला दिसलं असतं तर नवल.

शुक्रवारी सकाळी सहाला त्याला नळाच्या आवाजाने जाग आली. हिमानी न्हात होती. न्हाऊन ती बाहेर आली ती ओल्या केसांनीच जमिनीवरची सतरंजी, चादर, उशीचा अभ्रा गोळा करून निघाली.

"कुठे?"

"खाली. लॉन्ड्रीत टाकून येते."

"आज? अगं, दुपारी डिफेन्स आहे तुझा! मी टाकतो उद्या."

"आजच टाकायला हवंय," ती म्हणाली आणि बास्केट कमरेवर घेऊन जिना उतरली. गुरुनाथने कपाळावर हात मारला. माणसं परीक्षेच्या धास्तीने काहीबाही करतात, असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली. त्याची स्वतःची धास्ती वेगळीच होती. उद्या संध्याकाळची डेट्रॉइट ते मुंबई दोन तिकिटं त्याने गाडीच्या डिकीत, स्टेपनीखाली दडवली होती. आज डिफेन्स संपला की त्याला ते वाक्य बोलायचं होतं. कसं बोलायचं, हे त्याला अजून ठरवता आलं नव्हतं.

विभागाची ती खोली लहान होती. लांबट टेबल, भोवती प्राध्यापक, भिंतीला लागून विद्यार्थी आणि गुरुनाथ. हिमानी निळ्या कुडत्यात उभी होती, कपाळ मोकळं. ती नीट बोलली. तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. शेवटी प्राध्यापक मोरितांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या बारीक, पांढऱ्या केसांच्या होत्या आणि इंग्रजी सावकाश बोलत.

"तुमची फळी," त्या म्हणाल्या. "मानएन दोन, पाचवा महिना. हा महिना झालाच नाही. पाचव्या महिन्यात घाट मोकळा असतो, बर्फ वितळलेलं असतं. बातमी पोचली नाही, हे मी मानणार नाही. मग ही फळी खोटी आहे, असं मी का म्हणू नये?"

गुरुनाथला उत्तर पाठ होतं. त्या वर्षी बर्फ उशिरापर्यंत राहिलं, मग दरड कोसळली, नकाशा क्रमांक चौदा. तो मनातल्या मनात ते पुटपुटू लागला.

"बातमी पोचली होती," हिमानी म्हणाली.

गुरुनाथचं पुटपुटणं थांबलं.

पडद्यावर नकाशा आलाच नाही. एका दगडाचा फोटो आला. "हा त्याच खेड्याच्या पुलावरचा दगड आहे. तारीख पाहा, बुंक्यू पहिलं वर्ष, तिसरा महिना. म्हणजे तिसऱ्या महिन्यात गावाला नवं नाव माहीत होतं, चारचौघांत ते वापरतही होते. हा फोटो माझ्याकडे दोन वर्षं आहे. माझ्या म्हणण्याला तो अडचणीचा होता, म्हणून मी पूल नंतरचा आहे असं धरून चालले. ती माझी चूक होती."

"मग फळी?"

"फळीवर दोन तारखा आहेत. पहिली नवस बोलल्याची, मानएन पहिलं वर्ष. देवळाचं छप्पर मोडलं होतं, ते पुरं करू असा नवस. दुसरी, तो फेडल्याची." ती थांबली. टेबलावरच्या ग्लासातलं घोटभर पाणी प्यायली. "मी इतके दिवस म्हणत होते की त्यांना कळलं नव्हतं. आता मला वाटतं, त्यांना कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि ते देवळात, घरात घेणं वेगळं. हातातलं काम त्यांनी ज्या नावाने धरलं होतं, त्या नावाने पुरं केलं. तोवर देवळात त्यांनी काही दाखवलं नाही. काम झाल्यावर मग तिथेही नवं वर्ष मोजायला घेतलं."

"याला पुरावा?"

"त्यांना कळलं होतं, याला दगड आहे. त्यांनी असं का केलं, याला पुरावा नाही. ते माझं वाचन आहे."

"आणि हे वाचन तुम्हाला एका आठवड्यात सुचलं?"

"हो," हिमानी म्हणाली. "याच आठवड्यात."

तिने गुरुनाथकडे पाहिलं नाही. तरी ते आपल्यालाच उद्देशून आहे असं त्याला वाटलं. छे, तो स्वतःला म्हणाला, हा इतिहास आहे, हिचा विषयच तो आहे. आपलं मन चोराचं, त्याला सगळीकडे तेच दिसणार.

मोरितांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मला पूर्ण पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण फळी खोटी आहे, असं मी यापुढे म्हणणार नाही."

अर्ध्या तासाने हॅलरननी दार उघडून 'डॉक्टर' अशी हाक मारली. टाळ्या झाल्या, मिठ्या झाल्या, कुणीतरी केक कापला. हिमानीने केकचा तुकडा हातात धरला, तोंडात घातला नाही. गुरुनाथ सगळ्यांशी हसून बोलत होता आणि आपण काय बोलतो आहोत हे त्याचं त्यालाच ऐकू येत नव्हतं.

घरी येताना गाडीत त्याने तीनदा सुरुवात केली. एकदा सिग्नल सुटला, एकदा तीच म्हणाली, "हळू चालव," आणि तिसऱ्यांदा त्याने घसा खाकरून गाडीचा हीटरच वाढवला.

घरात शिरल्यावर त्याने कोट काढला. "हिमानी, जरा बस. मला तुला..."

ती बसली नाही. तिने टेबलाखालचं स्टूल ओढून घेतलं, फ्रीजला लावलं, वर चढली आणि कणकेच्या डब्यामागे हात घालून वातींचं पाकीट काढलं. न चाचपता, न शोधता. मग खाली उतरून तिने निरांजनात तूप घातलं, वात ठेवली आणि काडीपेटी घेतली.

"आज नको," गुरुनाथ कसाबसा म्हणाला. "हिमानी, ऐक माझं, आज दिवा नको लावूस."

"आज चालतो. तीन दिवस काल झाले माझे."

काडी ओढली गेली. वात जरा तडतडली आणि लागली. हिमानीने हात जोडले नाहीत, ती नुसती उभी राहिली. गुरुनाथ टेबलाच्या कडेला धरून खुर्चीत बसला. जमिनीवरची सतरंजी, न उघडलेलं श्रीखंड, मागे सरलेली दोन पावलं, सकाळी सहाची लॉन्ड्री, सगळं एकामागून एक त्याच्यापुढे येऊन उभं राहिलं.

"मी तुला शब्द दिला होता," तो म्हणाला. त्याला रडू आवरेना. "मी तो मोडला."

"नाही मोडलास." ती त्याच्याजवळ आली. "तू मला मंगळवारी सकाळीच सांगितलंस, गुरू. एकशे दोन ताप असताना दिवा लावणारा माणूस तू. म्हणे वाती संपल्या. वाती मीच रविवारी आणल्या होत्या."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू ऑफिसला गेल्यावर घरी फोन केला मी. आईने घेतला. म्हणाली, बाबा झोपलेत." हिमानीने काडीपेटी टेबलावर ठेवली. "सगळं घर माणसांनी भरलं होतं रे त्या फोनच्या मागे, मला ऐकू येत होतं. तरी इतकं नीट म्हणाली ती. मी म्हटलं, असू दे आई. झोपू दे त्यांना."

मग ती रडली. चार दिवस आवरून धरलेलं ते रडणं लवकर संपण्यातलं नव्हतं, आणि गुरुनाथने ते संपवायची घाईही केली नाही. निरांजन तेवत राहिलं. बाहेर अंधारून आलं. साताऱ्याला आता उजाडायला आलं असेल.

तिने तोंड धुतलं, केस बांधले. "दादाला लाव फोन. वाट बघत असेल तो."

"काय सांगू?"

"आत्ताच सांगितलंस म्हणून सांग. तिकडे त्यांना वाटतंय, बाबांचं म्हणणं त्यांनी राखलं. आईला तर फार वाटत असेल. तसंच राहू दे."

गुरुनाथने नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला नरेंद्रने फोन उचलला.

"झालं तिचं?"

"झालं. डॉक्टर झाली."

मग नरेंद्रने हळूच विचारलं, "सांगितलंत?"

गुरुनाथने हिमानीकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली.

"हो," तो म्हणाला. "आत्ताच."

मागून आईंचा आवाज आला, "दे, माझ्याकडे दे तो." हिमानीने फोनसाठी हात पुढे केला.